तुडुमावरची बुडी

गोंदियाच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी नोकरी केली, तिथल्या सिटी स्कॅनच्या खोलीत रोग्याला टेबलावर झोपवलं की अजूनही एक गोष्ट सांगतात. "तुम्ही तळ्यात बुडी मारली आहे असं समजा. वर येईपर्यंत कोणालाही उत्तर द्यायचं नाही." हे वाक्य माझं आहे असं तिथे सगळे मानतात. मी निवृत्त झालो त्या दिवशी वरिष्ठांनी भाषणात तसं सांगितलं, आणि खांद्यावरची शाल सावरत मी मान हलवली. मग मीही दोन शब्द बोललो. एकदा तळ्याच्या काठी बसलो असताना हे सुचलं, असं म्हणालो. टाळ्या पडल्या.

तसं काही सुचलं नव्हतं. ते ज्या माणसामुळे सापडलं, त्याला मी त्याच दिवशी, त्याच्या तोंडासमोर, ओळखत नाही असं म्हणालो होतो. आता माझं वय झालं आहे आणि त्या माणसाचं माझ्याहून जास्त. दोघंही आहोत तोवर हे सरळ व्हावं, म्हणून लिहायला बसलो आहे.

माझी बहुतेक नोकरी एक्स-रेच्या डार्करूममध्ये गेली. लाल दिवा, फिल्म धुण्याच्या हायपोचा वास, हँगरला लावलेल्या ओल्या फिल्मा. तो वास कपड्यांत इतका मुरायचा की बायको माझे शर्ट घरच्या कपड्यांत भिजवायची नाही. काम मला येत होतं आणि आवडतही होतं. पन्नाशी उलटली आणि आमच्याकडे सिटी स्कॅनचं मशीन आलं. मशीनवर कोण बसणार हा प्रश्न होता. डिप्लोमा झालेली दोन तरुण पोरं कंत्राटावर होती, आणि मी होतो. साहेब म्हणाले, अनुभव तुमचा आहे, तुम्ही शिका. जमलं नाही तर देवरीच्या बाजूला एक जुनं एक्स-रे मशीन आहे, तिकडे माणूस हवाच आहे. हे ते हसतच म्हणाले, पण मी घरी जाऊन बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. धाकट्या मुलीचं कॉलेज गोंदियालाच होतं.

आम्हाला शिकवायला नागपूरहून एक टेक्नॉलॉजिस्ट आल्या. त्या पावसाळाभर राहणार होत्या. वयानं माझ्या थोरल्या मुलीएवढ्या.

"काका, मला मॅडम म्हणू नका हो," त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या.

"मग काय म्हणू?"

"काहीही म्हणा."

"बेटी म्हणू?"

त्यांनी जरा विचार केला. "मॅडमच म्हणा," त्या म्हणाल्या.

त्यांच्याइतकं धीरानं मला कोणी शिकवलं नाही. शाळेतही नाही. मला माउस धरता येत नव्हता असं नाही, पण धरला की मी तो दाबूनच ठेवायचो, जसा डार्करूमच्या दाराचा कडीकोयंडा दाबून ठेवायची सवय होती. त्या माझा हात बाजूला करायच्या, आणि माउस पुन्हा माझ्याच हातात द्यायच्या. कंत्राटी पोरं मागे उभी राहून हसत. एक जण म्हणाला, "काका, उंदीर आहे तो, पळून नाही जात." मॅडमनी त्याला त्या दिवशी सगळी शिशाची अ‍ॅप्रन पुसायला लावली.

मला खरी अडचण वेगळीच आली. एक्स-रेमध्ये सगळं एकावर एक पडलेलं असतं. छातीच्या पुढची फासळी, मागची फासळी, मधलं हृदय, सगळं एकाच फिल्मवर. सिटीमध्ये माणसाचे आडवे काप दिसतात, आणि तेही रोग्याच्या पायांकडून पाहिल्यासारखे. त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे. पहिले आठ-दहा दिवस मला यकृत कुठे आणि प्लीहा कुठे हेच कळेना. पोरांना ते पुस्तकातून पाठ होतं.

मग एक दिवस मला आमच्या गावची पार आठवली. माझं गाव नवेगाव बांधच्या अलीकडे आहे. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणारी. तळ्याच्या बांधाला आम्ही पार म्हणतो. मी लहान असताना एका वर्षी पार दुरुस्तीसाठी मधोमध कापली होती. वडिलांनी मला त्या कापात उभं केलं आणि दाखवलं, ही बाहेरची मुरमाची पाठ, ही आतली काळी माती, हा मधला चिखलाचा गाभा, याच्यानंच पाणी अडते. बाहेरून पार म्हणजे नुसता मातीचा ढीग दिसतो. कापल्यावर कळतं की आत किती जण राबून गेले. त्या दिवसापासून मी पडद्यावरच्या प्रत्येक कापात आधी बाहेरची पाठ शोधायचो, मग आतली माती, मग गाभा. दोन दिवसांत मला सगळं दिसायला लागलं. मॅडम म्हणाल्या, "काय जादू केली काका?" मी त्यांना पारीचं सांगितलं नाही. पोरं हसतील असं वाटलं. गावचं काही सांगायचं म्हटलं की माझी जीभ तेव्हा आखडायची. ही सवय पुढे मला महागात पडली.

मॅडमची एक पद्धत होती. रोग्यावर हात ठेवण्याआधी शिकणाऱ्यानं स्वतः टेबलावर झोपायचं, हात डोक्यावर, आणि त्या काचेपलीकडून माइकवर सूचना द्यायच्या. मशीन सुरू करायचं नाही, पण टेबल आत-बाहेर करायचं. मी झोपलो. थंडगार खोली, वर मशीनचं पांढरं कडं, आणि कुठूनतरी वरून आवाज आला, "दीर्घ श्वास घ्या. रोखून धरा."

"हो मॅडम," मी म्हणालो.

स्पीकरमधून त्यांचं हसू ऐकू आलं. "काका, उत्तर नाही द्यायचं. बोललात की श्वास गेला."

मला कळलं, पण पुढच्या वेळी तोंडातून पुन्हा "हो" निघालं.

हाच आमच्या जिल्ह्याचा घोळ होता. कोणी काही सांगितलं तर त्याला उत्तर न देणं म्हणजे त्याचा अपमान, ही आमच्याकडची रीत. त्यातून सांगणारा दवाखान्यातला असला तर उत्तर दिलंच पाहिजे, आणि शेवटी 'जी' लावलाच पाहिजे. एक्स-रेमध्ये याचं काही बिघडत नसे. रोगी "धरला जी" म्हणेपर्यंत बटण दाबून झालेलं असायचं. पण तेव्हाच्या त्या मशीनला छातीचा स्कॅन करायला माणसाचा एक अख्खा दम जाईल एवढा वेळ लागायचा. कापांच्या मधोमध "धरला जी, आता का करू?" ऐकू यायचं आणि पडद्यावर फुप्फुस दुहेरी दिसायला लागायचं. मशीनमध्ये हिंदीत एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज होता, तो लावून पाहिला. लोक त्या बाईला शोधायला मान वळवायचे. चिचगडच्या बाजूचे एक आजोबा तिला म्हणाले, "बाई, तुमी दिसून नाही राहिल्या." मी बोललो तर बायका पुरुषाचा आवाज ऐकून डोक्यावरचा हात खाली आणायच्या आणि पदर सावरायच्या. मॅडम डोक्याला हात लावून बसायच्या. मोठ्यानं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, खुणा करून पाहिलं. रागावलं की माणूस आणखीच उत्तर देई. "चुकला जी. माफी करा."

याच काळात एक प्रकार झाला. माझ्या साडूच्या गावचा एक माणूस आला, त्याला मी रांगेत जरा पुढे घेतलं. दुसऱ्या दिवशी गोरेगावकडचा कोणी मामा आला, त्यालाही. तिसऱ्या दिवशी रांगेतली एक बाई मॅडमशी भांडली. मॅडमनी मला आत बोलावलं.

"काका, या जिल्ह्यात तुमचा नातेवाईक नाही असा एखादा माणूस आहे का?"

मी हातातले कागद सारखे करायला लागलो.

"आजपासून कोणी काका नाही, मामा नाही. ओळखीचा पेशंट आला तर तुम्ही बाहेर थांबायचं, मी करीन. आणि हे बघा, या आठवड्यात मला साहेबांना कळवायचंय की तुम्ही एकट्यानं मशीन चालवू शकता की नाही. मला हो म्हणायचं आहे. मला म्हणू द्या."

त्या बरोबर बोलत होत्या. आजही मला तसंच वाटतं. पुढे जे मी केलं त्यात त्यांचा काही दोष नाही.

दोनच दिवसांनी आमच्या गावचे पाणकर आले.

पाणकर म्हणजे काय ते सांगायला हवं. तळ्याचं पाणी कोणाच्या धानाला कधी द्यायचं हे पाहणारा गावचा माणूस म्हणजे पाणकर. पाणी शेतात सोडायला पारीच्या पोटात एक जागा असते, तिला आम्ही तुडूम म्हणतो. आता तिथे लोखंडी गेट आणि चाक आहे. माझ्या लहानपणी तुडुमाच्या तोंडाला लाकडाचा दट्ट्या असायचा, आणि तळं भरलेलं असताना तो काढायला पाणकराला बुडी मारून खाली जावं लागायचं. पाऊस ओढ देऊन धान पिवळं पडायला लागलं की सगळं गाव पारीवर जमायचं. पाणकर काका कमरेला दोर बांधायचे आणि खाली जायचे. ते पाण्याखाली असेपर्यंत पारीवर कोणी एक शब्द बोलायचं नाही, ही रीत होती. बायकासुद्धा नाही. आम्ही पोरं त्यांच्याबरोबर दम धरून उभी राहायचो. ते वर यायचे आणि फक्त एकच शब्द म्हणायचे, "निघाला." मग सगळे बोलायला लागायचे.

दम धरण्याच्या या खेळात मी नेहमी हरायचो. मला बोलल्याशिवाय राहवायचं नाही. काका मला म्हणत, "बाबू, तुहा तोंड म्हनजे फुटकी पार." त्यांनीच मला पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरून, मग न सांगता तो हात काढून घेऊन.

ते आले तेव्हा मी दारात उभा राहून कागद घेत होतो. त्यांना महिनोन्‌महिने खोकला होता आणि एक्स-रेत छातीत एक डाग दिसत होता. डाग कसला आहे ते कळलं नाही तर नागपूरला पाठवून सुई घालून तपासावं लागलं असतं. पहिल्या एसटीनं आले होते, उपाशी, कारण शिरेतून औषध द्यायचं होतं. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. ते काही बोलणार तेवढ्यात मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"नाव सांगा बाबा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नाव सांगितलं. पूर्ण नाव, गावासकट, परक्याला सांगतात तसं.

"तुमच्या गावाकडचे?" मॅडमनी गाव ऐकून विचारलं. "ओळखीचे आहेत?"

"नाही मॅडम," मी म्हणालो.

आणि ओळखीचे नाहीत हे पक्कं दिसावं म्हणून मी त्यांना त्यांच्या पाळीलाही घेतलं नाही. वॉर्डातले मागून आलेले पेशंट आधी घेतले. तसं करायला कारणं होती, नेहमीच असतात. काका कॉरिडॉरमध्ये फरशीवर बसून राहिले. मी दोन-तीनदा त्यांच्यासमोरून गेलो. त्यांनी मान वर केली नाही. दुपार कलल्यावर मी त्यांना आत घेतलं.

पहिल्या प्रयत्नात त्यांनी तेच केलं. "धरला जी." दुसऱ्या प्रयत्नात खोकला आला. मॅडम काचेपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "औषध सोडल्यावर एकच संधी आहे काका. हललं तर डाग कसला ते सांगता येणार नाही. आणि परत औषध देणं त्यांच्या वयाला बरं नाही."

औषध सुरू झालं. काकांना अंगात गरम लाट आली असेल, तशी सगळ्यांनाच येते. त्यांनी पाय हलवले. मी माइकचं बटण दाबलं. मला जे बोलायचं होतं ते मी बोललो नाही. जे तोंडातून आलं ते असं होतं:

"काका, तुडुमावर हाव आपन. बुडी मारा. दट्ट्या निघेवरी बोलाचं नाही."

पडद्यावर काप यायला लागले. एकामागून एक, स्वच्छ, कडा धारदार. टेबल सरकत होतं आणि तो म्हातारा दगडासारखा स्थिर होता. माझ्या लक्षात आलं की मीही दम धरला आहे. काचेच्या या बाजूला मॅडमसुद्धा काही बोलल्या नाहीत. टेबल थांबलं. मी म्हणालो, "सोडा."

स्पीकरमधून काकांचा आवाज आला. "निघाला."

"काय म्हणाले ते?" मॅडमनी विचारलं. "आणि तुम्ही त्यांना काय सांगितलंत? इतका सुंदर ब्रेथहोल्ड मी या महिन्यात पाहिला नाही."

"गावठी बोली आहे मॅडम. काहीतरी बोलून गेलो."

तेव्हा सांगता आलं असतं. पडद्यावरचे काप चांगले होते, मॅडम खूश होत्या, रागावल्याही नसत्या. मी सांगितलं नाही.

डाग जुन्या आजाराचा व्रण निघाला. सुई घालावी लागली नाही. हे मला संध्याकाळी कळलं. त्याआधी मी कॉरिडॉरच्या खिडकीतून काकांना पाहिलं होतं. आवारातल्या झाडाखाली बसून ते गावाहून बांधून आणलेला भात खात होते. मी खाली गेलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकाला तळ्याचं सांगायला लागलो. आमच्या जिल्ह्यात तळं पाहिलं नाही असा माणूस नाही. पाण्याखाली कोणी बोलत नाही आणि पाण्याखालच्याला कोणी बोलावत नाही, हे शिकवावं लागत नाही. बायकांचे हात खाली येईनासे झाले, पाण्यात पदर कोण सावरतो. मॅडमनी ते वाक्य लिहून घेतलं, साहेबांना हो कळवलं आणि नागपूरला गेल्यावर दुसऱ्या ठिकाणीही माझ्या नावानं सांगितलं. त्यांनी मला जे दिलं त्यावर माझी उरलेली नोकरी निघाली, मुलीचं कॉलेज झालं. आजही कुठे गावठी माणूस मशीनमध्ये न घाबरता पडून राहिलेला पाहिला की मला आधी मॅडमची आठवण येते, टेबलावर मला झोपवणाऱ्या.

पण गावाशी माझं बिनसलं. म्हणजे मीच बिनसवलं. गावचं कोणी स्कॅनला आलं की म्हणायचं, "तुमी गावच्या मानसाले उपाशी ठेवत नाही म्हनते, काकानं सांगतलन." एक बाई म्हणाली, "काकाले पयले नंबरावर घेतलात, चहा पाजलात. आमालेबी पाजा." मला वाटायचं काकांनी सगळं सांगितलं आहे आणि गाव मला टोमणे मारतं आहे. माझे कान गरम व्हायचे. मी त्यांना लवकर घ्यायचो, बिस्किटं आणून द्यायचो, आणि मनात म्हणायचो, मारा टोमणे. वडील होते तोवर सणाला जाऊन यायचो, पण तळ्याकडे जायचो नाही. वडील गेले तेव्हा गर्दीत काका लांब उभे होते. त्यानंतर जाणं जवळजवळ बंद झालं.

मागच्या महिन्यात दवाखान्यातल्या एका तरुण टेक्नॉलॉजिस्टचा फोन आला. नवीन मशीन आलं होतं. "सर, यात आपल्या भाषेतला आवाज टाकता येतो. तळ्याचं वाक्य तुमच्याच आवाजात टाकू म्हणतो आम्ही. तुमचंच आहे ते."

मी त्याला सांगितलं, दोन दिवस थांब.

दुसऱ्या सकाळी एसटीनं निघालो. गोरेगावला बाजाराचा दिवस होता, बस तिथेच बराच वेळ अडकली. गावात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. काका अंगणात खाटेचा सुंभ ताणत बसले होते. नजर कमी झाली होती, हात मात्र तेच होते.

"कोन?"

मी सांगितलं कोणाचा मुलगा ते.

"हं. साहेब आला."

"कोनता साहेब?" आतून काकींनी विचारलं.

"मशीनवाला."

काकी हात पुसत बाहेर आल्या. "बाबू. काऊन रे, बाप मेला तं गाव मेला का तुह्यासाठी?"

मी खाटेपाशी खाली बसलो. गोंदियात आयुष्य गेल्यानं आमची बोली आता मला अडखळत येते, पण तीच बोललो. म्हणालो, काका, तुम्ही दवाखान्यात आलते, मी तुमाले नाव पुसलो, ओळखत नाही म्हनलो, दुपारपर्यंत उपाशी बसवलो, आणि तुमची बुडी माह्या नावावर चालवून राहिलो इतके वर्स. सगळं सांगून झाल्यावर मी वर पाहिलं. काका सुंभ ओढत होते. काकी माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहत होत्या.

"उपाशी बसवलन? तुमी तं सांगतलं, बाबूनं पयले घेतलन, चहा पाजलन, बसवरी पोचवून देल्लन."

"सांगतलो असन."

"चहाबी नाही?"

"चहाबी नव्हता काकी," मी म्हणालो.

"मंग मी इतके वर्स याले आशीर्वाद देऊन राहिली, ते वाया गेले का?"

काका हसले. मला हसू आलं नाही. त्या बायका, ती माणसं, ती बिस्किटं, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. ते टोमणे नव्हतेच. गाव मला खरोखर चांगला समजत होतं, आणि ते चांगलेपण या माणसानं खाटेवर बसून बनवलेलं होतं.

"काऊन सांगतलं तसं?" मी विचारलं.

काकांनी सुंभाला गाठ मारली. "तुहा बाप रोज पारीवर येऊन बसे. मी बसमंदून उतरलो तं समोर तोच. पयला सवाल, बाबू भेटला का? का सांगू त्याले? नाव पुसलन म्हून सांगू? म्हातारा खुश होऊन घरी गेला. मंग एकदा सांगतलेलं बदलाव कसं."

वडील त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आले होते आणि शेजाऱ्यांना सांगत होते की माझा मुलगा गावच्या माणसाला विसरत नाही. मी ते वडिलांचं कौतुक समजून ऐकून घेतलं होतं.

"बुडीचं काई नाही," काका म्हणाले. "बुडी का माही एकट्याची आहे? माह्या आधीचेबी पानकर बुडीच मारत. नाव पुसलास ते लागला जरा. पन मशीनमंदून काका म्हनलास ना, तवा बरा वाटला."

मी म्हणालो, हे सगळं लिहिणार आहे, तुमच्या नावानं.

"नाव नको टाकू. बाकीचे पानकर का म्हनतीन." म्हणून या लिहिण्यात त्यांचं नाव नाही, आणि मग बाकी कोणाचंही ठेवलं नाही.

अंगणातूनच मी त्या टेक्नॉलॉजिस्टला फोन लावला. म्हटलं, आवाज तुझाच टाक, तुझा स्पष्ट आहे. आणि कोणी विचारलं तर हे वाक्य आमच्या गावच्या पाणकरांचं आहे असं सांग. मला त्यांनी शिकवलं. तो म्हणाला, "पण सर, तुम्ही तर..." मी म्हटलं, मी खोटं सांगितलं होतं. तो म्हणाला, ठीक आहे सर. काका ऐकत होते.

"आता बस," काकी म्हणाल्या. "भात मांडाचा आहे. टाइम लागन. तवरी उपाशी बस."

आणि त्यांनी खरंच वेळ लावला. एकदा शेजारी जाऊन गप्पा मारून आल्या, एकदा कोंबड्या हाकलायला गेल्या, तांदूळ दोनदा निवडले. मला पित्ताचा त्रास आहे, पण मी बसून राहिलो. मधेच रस्त्यानं जाणारा एक तरुण कुंपणापाशी थांबला. मला ओळखत नव्हता.

"कोन पाव्हना जी, काका?"

सुंभ हातात धरून काका थांबले, मान खाली, आणि मला कळलं की ते माझ्यासाठी थांबले आहेत.

"मी काकाचा मानूस आहो," मी त्या मुलाला म्हणालो. "काकानंच मले पोहाले शिकवलन."

"फुटकी पार आहे ते," काका म्हणाले आणि पुन्हा सुंभ ओढायला लागले.

दुपार कलल्यावर काकींनी ताट आणलं. भात गरम होता. आधी चहा दिला नाही.